श्वास सोडायला शिकवणारी एक खोली द्या : नाशिकच्या आरोग्य यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नाशिक
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक

सविनय नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि नाशिकमध्ये छातीच्या आजारांच्या रुग्णांबरोबर काम करते. हे पत्र एम्फिसिमा, म्हणजे फुफ्फुसांतले वायुकोश नष्ट करत जाणारा आजार, झालेल्या माणसांसाठी आहे. मागणी आधीच सांगते. आपल्या अखत्यारीतल्या रुग्णालयांत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, रोजच्या ओपीडीत व्हावी. आणि त्या तपासणीत ज्यांचा आजार नक्की होईल त्यांना श्वास सोडायला, चालायला आणि पंप वापरायला शिकवणारी एक खोली मिळावी. एवढंच मागते आहे. त्याच्यावाचून माणसांचं काय होतं ते आता लिहिते.

निरोगी माणसाच्या फुफ्फुसांत ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींतूनच प्राणवायू रक्तात जातो. एम्फिसिमात या भिंती नष्ट होत जातात. अनेक लहान कोशांची मिळून एक मोठी पोकळी होते. जागा तेवढीच राहते, पण रक्ताला प्राणवायू देणारी भिंत उरत नाही. दुसरं नुकसान रुग्णाला जास्त जाणवतं. फुफ्फुसाचा ताण जातो, जुन्या पायमोज्याचं इलॅस्टिक सैल पडावं तसा. हवा आत जाते, पण ती बाहेर ढकलणारा जोर उरत नाही. श्वास सोडताना लहान श्वासनळ्या मिटतात आणि हवा आतच अडकते. छाती फुगलेली राहते, छातीखालचा श्वासपटल सपाट होतो, मानेचे स्नायू श्वास ओढायच्या कामाला लागतात. रुग्ण सांगतो, "ताई, श्वास आत जात नाही." खरं तर जुना श्वास बाहेर गेलेला नसतो, म्हणून नव्याला जागा नसते. उपचारातलं जवळपास सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं. मा. शल्यचिकित्सकांना हे मी सांगायला नको. पण पत्र खुलं आहे, ते रुग्ण आणि त्यांच्या घरचेही वाचतील, आणि ही साधी गोष्ट त्यांना बहुतेक वेळा कोणीच बसून सांगितलेली नसते.

माझ्याकडे कोण येतं, तेही लिहिते. अंबडच्या कारखान्यात ग्राइंडिंगवर आयुष्य काढलेले काका. बिडी ओढणारे ट्रकचालक. पूर्वी टीबी होऊन बरे झालेले, पण फुफ्फुसात त्याची खूण राहिलेले. आणि पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या आजी, ज्यांनी आयुष्यात बिडी हातात धरलेली नाही. त्यांनी लहानपणापासून चुलीपुढे बसून भाकरी केली, पावसाळ्यात ओलं सरपण फुंकलं. घरी गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्याचा बंब अजून लाकडं, गोवऱ्या आणि हाताला लागेल त्या पुठ्ठ्यावर पेटतो. अशा एका आजींना तपासणीच्या टेबलावर पहिला प्रश्न विचारला गेला, "आजी, बिडी ओढता का?" त्या नाही म्हणाल्या आणि तिथेच चौकशी थांबली. चुलीबद्दल कोणी विचारलं नाही. धूम्रपान हे या आजाराचं मोठं कारण आहे आणि राहील. पण आपल्या देशात चुलीचा धूर, कामावरची धूळ, जुना टीबी आणि शहराची हवा ही कारणं बाजूला ठेवून चालत नाही. थोड्या लोकांत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची जन्मजात कमतरताही असते. ऐन चाळिशीतच फुफ्फुसं अशी झालेली दिसली तर ती शोधायला हवी.

एम्फिसिमा ज्या गटात मोडतो त्या सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्यांत कायमचा अडथळा आणणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजारांचे, भारतातले रुग्ण १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८१ लाख होते, २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाखांवर गेले. आपल्या जिल्ह्याचा आकडा मी लिहीत नाही. तो मिळण्याचा रस्ता फुंकायच्या यंत्रातूनच जातो.

त्या रस्त्याचा पहिला टप्पा सरकारने आधीच घातलेला आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी जो सी-बॅक फॉर्म भरतात, त्यात घरात कोणतं इंधन जळतं हे विचारलेलं असतं. लाकूड, पिकांचा कचरा, शेणी, कोळसा, रॉकेल की गॅस. धूर, वायू, धुळीच्या ठिकाणी काम करता का, हेही विचारलेलं असतं. प्रश्न उत्तम आहेत. आशाताई ऊन-पावसात दारोदार जाऊन ते विचारतात. माझा प्रश्न पुढचा आहे. एखाद्या बाईने "लाकूड" सांगितलं आणि जिना चढताना दम लागतो म्हणाली, तर तिला कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत फुंकायला पाठवायचं, हे आशाताईंच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं असायला हवं. रक्तदाब जास्त निघाला तर कुठे पाठवायचं हे आता सगळ्यांना माहीत आहे. धापेचं तसं झालेलं नाही.

स्पायरोमेट्रीचा आग्रह धरण्याचं कारण असं की या आजारात छातीचा एक्स-रे सुरुवातीला अगदी नॉर्मल येऊ शकतो. स्टेथोस्कोपने काही ऐकू येईपर्यंत बरंच फुफ्फुस गेलेलं असतं. रुग्णही सांगत नाही. तो जिना टाळतो, बाजारात मध्येच दुकानापाशी थांबतो आणि "वय झालं" म्हणतो. मग थंडीत एकदा कफ पिवळा होतो, धाप थांबत नाही, ॲडमिट करावं लागतं, आणि तेव्हा आजाराचं नाव कळतं. मधली वर्षं कागदावर नुसता "दमा" असतो, किंवा थुंकी पुन्हा पुन्हा टीबीसाठी तपासलेली असते. दम्यात श्वासनळ्या बऱ्याच अंशी मोकळ्या होतात, इथे त्या पूर्ण होत नाहीत, आणि दोन्हींची औषधयोजना सारखी नसते. हा फरक फुंकल्याशिवाय कळत नाही. श्वासनळ्या मोकळ्या करणारं सालब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटांनी रुग्णाला पुन्हा फुंकायला लावायचं. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा आणि एकूण बाहेर आलेली हवा यांचं प्रमाण ०.७० च्या खाली राहिलं, तर अडथळा कायमचा आहे.

इथे एक काळजीची गोष्ट बोलायला हवी. नुसतं यंत्र घेऊ नका. रुग्णाला "जोरात, अजून, अजून, सोडत राहा" म्हणत निदान सहा सेकंद फुंकायला लावणारा शिकलेला माणूस लागतो. यंत्र बरोबर मोजतंय का हे पाहायला तीन लिटरची सिरिंज लागते. प्रत्येक रुग्णासाठी नवं माउथपीस आणि फिल्टर लागतो. यातलं एक जरी संपलं तरी यंत्र कपाटात जातं. म्हणून खरेदीच्या फाइलमध्ये यंत्राबरोबर वर्षभराचे फिल्टर आणि तंत्रज्ञाचं प्रशिक्षण हेही लिहा, ही विनंती.

आता खोलीबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे.

नष्ट झालेले वायुकोश परत येत नाहीत. हे खरं आहे आणि रुग्णाला ते सांगितलंच पाहिजे. पण एवढंच सांगून त्याला घरी पाठवलं की तो खाटेवर बसतो. चाललं की दम लागतो, म्हणून चालणं बंद. चालणं बंद झालं की मांड्या आटतात. आटलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त प्राणवायू लागतो, म्हणून आता खोलीतून मोरीपर्यंत जातानाही दम लागतो. घरचे प्रेमाने म्हणतात, "बाबा, तुम्ही उठू नका, आम्ही देतो." फुफ्फुसाचं नुकसान तेवढंच असतं, पण माणूस दोन वर्षांत अंथरुणाला खिळतो. यातला मधला भाग पूर्णपणे टाळता येतो. फुफ्फुस दुरुस्त न होताही माणसाची चालण्याची ताकद परत येते. हे मी रोज पाहते, आणि जगभरच्या चाचण्यांनीही ते दाखवलं आहे. २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने ६५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. श्वसन पुनर्वसनाने, म्हणजे अशा खोलीत शिकवायच्या व्यायामाने आणि श्वासाच्या शिक्षणाने, धाप कमी होते, थकवा कमी होतो, चालण्याची क्षमता वाढते हे इतकं स्पष्ट निघालं की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरज नाही, असं मत तिथे मांडलं गेलं.

त्या खोलीत काय करायचं? पहिल्या दिवशी रुग्णाला सहा मिनिटं चालवायचं आणि किती मीटर झालं ते मोजायचं. त्यासाठी ३० मीटरचा सपाट व्हरांडा लागतो. सरकारी रुग्णालयांत इतर कशाची वानवा असली तरी लांब व्हरांड्यांची नसते. मग सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, बोटाला ऑक्सिमीटर लावून चालण्याचा आणि हातापायांच्या ताकदीचा व्यायाम. खुर्ची, लहान डंबेल किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, एक पायरी, भिंतीवर घड्याळ. याहून जास्त सामान नाही.

व्यायामाच्या जोडीला श्वास सोडणं शिकवायचं. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. तोंडाशी असा हलका अडथळा केला की मिटणाऱ्या श्वासनळ्या आतल्या दाबाने थोडा जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. पायरी चढताना श्वास सोडायचा, पायरीवर थांबून घ्यायचा. धाप लागलीच तर पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर टेकायचे. रुग्ण बरेचदा घाबरून भराभर श्वास घेतो आणि आत आणखी हवा कोंबतो. सोडण्याकडे लक्ष वळवलं की ती घबराट काही मिनिटांत उतरते. हे एकदा त्याच्या स्वतःच्या अनुभवाला आलं की मग तो घराबाहेर पडायला धजावतो.

घरातली कामंही शिकवावी लागतात, आणि ती पुस्तकात कमी, आपल्या घरांत जास्त असतात. हात खांद्याच्या वर गेले की या रुग्णांना जास्त धाप लागते, कारण श्वासाला मदत करणारे खांद्या-मानेचे स्नायू दुसऱ्या कामाला जातात. म्हणून केस विंचरताना कोपर टेबलावर टेकवायचे, आणि कपडे वाळत घालायची दोरी छातीच्या उंचीवर आणायची. आंघोळ स्टुलावर बसून करायची आणि अंग रगडून पुसण्याऐवजी मोठा टॉवेल अंगाभोवती गुंडाळून बसायचं. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसलं की पोट वर दाबलं जातं आणि दम कोंडतो. तिथे कमोडची खुर्ची ठेवली की कित्येकांची सकाळची भीती जाते. पोटभर दोन वेळा जेवण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा खायचं, कारण भरलेलं पोट श्वासपटलाला हलू देत नाही. वजन घटत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करायचं नाही. नुसता श्वास घेण्यातच या माणसांची खूप शक्ती जाते. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे जमतील तसे वाढवायचे.

पंपाची भीती घालवायचं कामही याच खोलीतलं. "पंप लावला म्हणजे शेवट आला" किंवा "सवय लागते" हे मी रोज ऐकते. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट जिथे हवं तिथे जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं. उलट त्याला घाबरून लोक कुठल्याशा पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या खातात. त्यात स्टेरॉइड असलं तर आधी बरं वाटतं, मग साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. ज्यांना पंप मिळाला आहे त्यांनाही तो कसा घ्यायचा हे कोणी दाखवलेलं नसतं. फवाऱ्याचा पंप सावकाश ओढायचा असतो आणि मग दहा सेकंद श्वास रोखायचा असतो. कॅप्सूलची पूड मात्र जोरात ओढावी लागते. यंत्रात घालायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी पाहिले आहेत. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. दाखवायला पाच मिनिटं लागतात आणि दर भेटीत पुन्हा पाहावं लागतं. टायोट्रोपियमसारखं दीर्घकाळ काम करणारं औषध २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते आपल्या औषध खिडकीवर खंड न पडता मिळावं. महिन्याआड मिळणारा पंप या आजारात फारसा उपयोगी नाही. दर वर्षी फ्लूची लस आणि एकदा न्युमोकोकलची लस याच रुग्णांना सगळ्यात आधी लागते, तेही त्याच खोलीतून सांगितलं जावं.

बिडी-सिगारेट सोडवणं तर आहेच. गेलेलं परत येत नाही, पण सोडल्यावर पुढची घसरण मंदावते, कोणत्याही वयात. मात्र रुग्णाला ओरडून बिडी सुटत नाही. निकोटीनची गोळी किंवा पट्टी, पाठपुरावा आणि घरच्यांची साथ लागते.

ऑक्सिजनबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ ची डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातली टाकीची गळती आणि त्या दिवशी गेलेली माणसं हे शहर विसरलेलं नाही. म्हणूनच हे नीट समजून घ्यायला हवं. घरी ऑक्सिजन प्रत्येक धापेच्या रुग्णाला लागत नाही. स्थिर अवस्थेत, विश्रांतीत, रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याहून कमी राहत असेल त्यालाच तो लागतो. त्याला मात्र दिवसातून किमान १५ तास लागतो, आणि तेव्हा तो खरंच आयुष्य वाढवतो. हे १९८० आणि १९८१ च्या चाचण्यांपासून माहीत आहे. धाप लागली की दहा मिनिटं नळी लावायची आणि काढून ठेवायची, याचा तसा उपयोग होत नाही. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर यंत्र १५ तास चाललं तर दिवसाला साधारण पाच युनिट वीज जाते, महिन्याला दीडशे. पेन्शनवर जगणाऱ्या घरात हे बिल पाहूनच यंत्र बंद केलं जातं. वीजदर आपल्या हातात नाही, पण वीज कंपनीकडे शिफारस आपण करू शकता. यंत्राजवळ निरांजन, समई, उदबत्ती ठेवायची नाही, हे घरी जाऊन सांगणारंही कोणी हवं.

कोविडच्या काळात सरकारी निधीतून आणि देणग्यांतून अनेक ठिकाणी कॉन्सन्ट्रेटर आले. आपल्याकडे किती आहेत, किती चालू आहेत, किती पडून आहेत, याची यादी जाहीर करा. जे पडून असतील ते दुरुस्त करून, तपासणीत गरज ठरलेल्या गरीब रुग्णांना घरी वापरायला देता येतील.

यालाच जोडून एक अगदी स्वस्त मागणी. या रुग्णांपैकी काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर ते गुंगीत जातात आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून त्यांचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असतं, ९८ नव्हे. रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णवाहिकेतल्या माणसाला हे कसं कळणार? खिशात मावेल असं एक कार्ड छापा. "मला सीओपीडी आहे. ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के राहील एवढाच द्यावा." त्यावर डॉक्टरांची सही. कार्ड ज्याला लागू आहे त्यालाच द्यायचं, आणि १०८ च्या कर्मचाऱ्यांना व तातडीच्या विभागाला ते दाखवून ठेवायचं.

हवेचा विषय मी थोडक्यात घेते. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नाशिक आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट यांची कामं होणारच. खोदलेल्या मातीवर पाणी आणि वाळू-खडीच्या गाड्यांवर ताडपत्री, एवढं तरी सक्तीचं करा. थंडीच्या रात्री पेटवलेल्या कचऱ्याचा धूर सकाळपर्यंत खालीच तरंगत राहतो. कचरा पेटवण्याची वेळच येऊ नये अशा रीतीने पालापाचोळा उचलला जावा. आयुक्तसाहेब, सुरुवात आपल्याच माणसांपासून करा. पहाटे झाडू मारणारे सफाई कामगार आणि घंटागाडीवरचे कामगार हे या शहरात सगळ्यात जास्त धूळ गिळतात. फुंकायच्या तपासणीची पहिली यादी त्यांची असावी.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन असतो. त्या दिवशी होणाऱ्या शिबिरांत मीही आनंदाने काम करते. पण शिबिरात सापडलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी कुठे पाठवायचं, हा प्रश्न दर वेळी उरतो. म्हणून माझी विनंती अशी की शहरात एक महापालिकेचं रुग्णालय, एक जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण भागात आदिवासी तालुक्यांपैकी एक उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय निवडा. तिन्ही ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस ही खोली चालवा आणि सहा महिन्यांनी तीन आकडे मोजा. रुग्णांचं सहा मिनिटांतलं चालणं किती वाढलं, पंप बरोबर घेणारे किती झाले, आणि पुन्हा ॲडमिट व्हावं लागलेले किती कमी झाले. आकडे समाधानकारक आले तर पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद करा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात आहे. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना इथे काम शिकायला पाठवण्याबाबत विद्यापीठाशी बोलता येईल, म्हणजे मनुष्यबळाची अडचणही हलकी होईल.

खोलीसाठी व्यायामांचा तक्ता, पंप शिकवण्याची मराठी पत्रकं आणि कार्डाचा मसुदा मी तयार केला आहे. परिचारिका आणि आशाताईंना शिकवायला मी विनामोबदला येईन, माझ्या ओळखीचे आणखी काही सहकारीही तयार आहेत. आपल्या तिघांच्या कार्यालयांपैकी कोणीही बैठकीची वेळ कळवली तर मी ही कागदपत्रं घेऊन हजर राहीन. थंडी सुरू होण्याआधी ती वेळ मिळाली तर यंदाच्या हिवाळ्यातल्या रुग्णांना तिचा उपयोग होईल.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक